विल्सन मास्तरांचा अंगठा

विल्सन पलघडमल यांना नावानं हाक मारणारं कोल्हारात कुणी उरलं नव्हतं. बाजारपेठेत ते मास्तर, चर्चमध्ये मास्तर, आणि बँकेतली खिडकीमागची मुलगीसुद्धा पासबुक हातात घेऊन "मास्तर, सही इथं" असंच म्हणायची. खरं तर शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलेलं नव्हतं. चाळीस वर्षं ते कपडे शिवत होते. शिकवलं ते त्यांच्या बायकोनं. रेबेकाबाई बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत होत्या आणि निवृत्तीनंतरही साऱ्या गावाच्या बाईच राहिल्या होत्या. एका घरात मास्तर आणि बाई. पण मास्तरांना पंधराच्या पुढे पाढे येत नव्हते आणि बाईंना साधं बटण लावता येत नव्हतं. संसार झकास चालला होता. मुलगी ग्रेस लग्न होऊन नाशिकला गेली, तिच्या नावाची 'ग्रेस टेलर्स' ही पाटी तेवढी दुकानावर राहिली.

मास्तरांची नजर म्हणजे टेप. गिऱ्हाईक पायरी चढून आत येईस्तोवर त्याची छाती, कंबर आणि बाही त्यांच्या डोक्यात मांडून झालेली असायची. टेप लावायचा तो त्याच्या समाधानासाठी.

शेजारी रंगनाथची रसवंती होती. घरचा चार एकर ऊस. फॅक्टरीला घालून उरलेला तो उन्हाळ्यात चरकाला लावायचा. दोघांची दोस्ती तीस वर्षांची. रंगनाथचा आदिनाथ आणि दोन्ही मुली बाईंच्या हाताखाली शिकलेल्या, त्यामुळे हा साठीचा गडी बाईंसमोर अजूनही खांद्यावरचा टॉवेल नीट करून उभा राहायचा.

त्या वर्षी एप्रिलात ऊन असं पेटलं की मास्तरांची तहान भागेना. सकाळी माठातलं तांब्याभर पाणी, दुकान उघडल्यावर एक ग्लास रस, अकराला दुसरा, जेवणानंतर तिसरा. रंगनाथ हाताला थंडगार ग्लास देऊन म्हणायचा, "प्या मास्तर, घरचाच हाय." पाचव्या-सहाव्या ग्लासालाही मास्तरांची ना नसायची. लघवीला मात्र सारखं जावं लागायचं. एकेक शिवण अर्धी टाकून उठायचे. पण इतकं पाणी पोटात गेल्यावर ते बाहेरही येणारच, असा त्यांनी साधा हिशेब लावला होता.

आणि एका गोष्टीनं तर ते खूश होते. पोट उतरलं होतं. फेब्रुवारीत त्यांनी स्वतःची पँट कमरेला दोन इंच आवळून घेतली, एप्रिलात आणखी दीड.

"तिशीतली कंबर आली बघ परत," ते आरशासमोर वळून म्हणाले.

"कंबर तिशीची आणि चेहरा सत्तरीचा," बाई म्हणाल्या. "गाल बसलेत तुमचे. कुणाला तरी दाखवा."

"उन्हाळा आहे गं. लोक कंबर कमी करायला पैसे मोजतात, माझी फुकटात झाली."

त्याच दिवसांत आदिनाथचं लग्न ठरलं. तारीख अठरा मे. सूट अर्थातच मास्तर शिवणार होते. गडद निळं कापड नगरहून आलं, आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी मास्तरांनी ते कटिंगच्या टेबलावर अंथरलं, हात फिरवून सुरकुत्या काढल्या आणि खडू घेतला. पाठीची रेघ सरळ खाली येत होती. मध्येच तिला करवतीसारखा एक दाता पडला.

मास्तरांनी रेघ पुसली. पुन्हा ओढली. पुन्हा दाता. त्यांनी उजव्या हाताकडे पाहिलं तेव्हा अंगठा आपला आपण आतल्या बाजूला झटका देत होता. एक झटका, थोडं थांबून दुसरा, मग तिसरा. दुखत नव्हतं. मुंग्या नव्हत्या. नुसता कुणीतरी आतून दोरा बांधून खेचावा तसा अंगठा उडत होता. मास्तरांनी तो डाव्या हाताच्या मुठीत दाबून धरला. मुठीच्या आत तो तसाच उडत राहिला. पकडलेली चिमणी असावी तसा.

कात्री त्यांनी हातात घेतलीच नाही. चाळीस वर्षांत एक गोष्ट ते शिकले होते; रेघ पुसता येते, काप पुसता येत नाही. त्यांनी कापडाची घडी घालून कपाटात ठेवली आणि स्टुलावर बसून अंगठा थांबायची वाट बघितली. तासभर बघितली. अंगठ्याला कसली घाई नव्हती.

दुसऱ्या दिवशी शेजारचं बोटही सामील झालं आणि तिसऱ्या दिवशी तोंडाचा उजवा कोपरा. चहाची बशी ओठाला लावली की निम्मा चहा सदऱ्यावर. डोकं मात्र लख्ख होतं. मास्तर बोलत होते, चालत होते, गिऱ्हाइकांना तारखा देत होते, आणि या सगळ्यात अंगठा आपलं काम करत होता. रविवारी उपासनेत त्यांनी गीतांचं पुस्तक उघडलं, तर एका कडव्यात चार पानं उलटली. पुढच्या बाकावरच्या दोघी आधी मागे वळून बघत राहिल्या आणि मग हसू दाबता दाबता त्यांचं गाणंच थांबलं. मास्तरांनाही हसू आलं.

रेशनच्या दुकानात तर कहरच झाला. दुकानदार आबासाहेबांनी यंत्र पुढे केलं. "मास्तर, अंगठा."

मास्तरांनी अंगठा ठेवला. यंत्रानं नकार दिला.

"मास्तर, हलवू नका की."

"मी कुठं हलवतोय? तो हलतोय."

"तो म्हंजे कोन? अंगठा तुमचाच ना?"

"आतापर्यंत तरी माझाच होता, आबासाहेब."

मागची रांग हसायला लागली. पाचदा प्रयत्न झाला. शेवटी डावा अंगठा लावला तेव्हा कुठं यंत्रानं मास्तर हे मास्तरच असल्याचं मान्य केलं.

उपाय सुरू झाले होतेच. पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं की वाकून शिवून शिवून मानेची नस दबली आहे. गळ्याला पट्टा आला. पट्ट्याची शिवण वाकडी आहे, एवढंच मास्तरांचं त्यावर मत पडलं. दुसऱ्यांनी हात बघून मान हलवली आणि कंपवात म्हणून गोळ्या दिल्या. बाईंना ते पटलं नाही. त्यांच्या शाळेतल्या मुख्याध्यापकांना कंपवात होता. गुरुजी झोपले की त्यांचा हात शांत व्हायचा, हे गुरुजींच्या बायकोनं त्यांना सांगितलेलं होतं. म्हणून त्या दुपारी मास्तर खाटेवर घोरत असताना बाई उशाशी खुर्ची घेऊन बसल्या. मास्तर गाढ झोपेत होते. अंगठा जागा होता.

बाईंनी जुन्या परीक्षेच्या कामातून उरलेली एक कोरी वही काढली, भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्याकडे बघत मोजलं आणि लिहिलं: 'जागेपणी मिनिटाला ६८. झोपेत ४१. जेवताना ७०. उपासनेत मोजता आले नाही.'

ती वही घेऊन दोघं संगमनेरला एका तरुण डॉक्टरांकडे गेली. त्यांनी वही वाचली, अंगठा पाहिला आणि म्हणाले, "मला ही फिट वाटतेय." त्यांनी फिट्सची एक गोळी लिहून दिली आणि नगरच्या मेंदूच्या डॉक्टर पंकजा मॅडमच्या नावानं चिठ्ठी दिली. "उशीर करू नका," ते म्हणाले. गोळी त्याच संध्याकाळी सुरू झाली. अंगठ्यानं तिची दखल घेतली नाही. उलट दोन दिवसांत मनगटही उडायला लागलं.

तेव्हा मास्तरांनी निळं कापड बगलेत मारलं आणि रसवंतीत जाऊन रंगनाथच्या पुढ्यात ठेवलं.

"रंगनाथ, लोणीला चांगले टेलर आहेत. पोराचा सूट तिकडं टाक."

रंगनाथनं चरक बंद केला. हात पुसले. कापडाची घडी उचलून परत मास्तरांच्या बगलेत खोचली.

"लग्नाला अजून चौदा दिस हायेत," तो म्हणाला.

"आणि नाही थांबला तर? मेंदूत गाठ असली तर?"

"तर माझं पोरगं बिनसुटाचं बोहल्यावर उभं ऱ्हाईल. म्या सुदा तसाच हुभा ऱ्हायलो हुतो, माझं काय अडलं? उद्या सकाळी सात वाजता जीप काढतो. बाईंना सांगा, वही घ्या म्हनावं."

नगरला डॉक्टर पंकजांच्या खोलीत तिघंही आत गेली. डॉक्टर चाळिशीच्या, बारीक अंगाच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी मास्तरांना हात टेबलावर ठेवायला लावला आणि कितीतरी वेळ त्या अंगठ्याकडे बघत राहिल्या. मग बाईंची वही उघडली. वाचता वाचता त्या खुर्चीत सरळ झाल्या.

"काकू, झोपेतसुद्धा मोजलंत तुम्ही?"

"मोजल्याशिवाय कसं लिहिणार?" बाई म्हणाल्या.

"माझ्या शिकाऊ डॉक्टरांना दाखवते ही वही." त्या मास्तरांकडे वळल्या. "काका, ही फिटच आहे."

"फिट?" मास्तरांना पटेना. "फिट आली की माणूस पडतो, तोंडाला फेस येतो. मी तर तुमच्याशी बोलतोय."

"ती सगळ्या मेंदूत पसरणारी फिट. ही एका टिचभर जागेत अडकून बसलीय. मेंदूच्या डाव्या बाजूला उजवा हात आणि तोंड हलवणारी जागा असते. तिथून सारखा हुकूम सुटतोय, आणि तो थांबत नाहीये. तास, दिवस, आठवडे चालते ही. फार कमी लोकांना होते. नाव आहे एपिलेप्सिया पार्शियालिस कंटिन्युआ."

"म्हणजे पायडलवरचा पाय काढला तरी मशीन चालूच," मास्तर म्हणाले.

"अगदी तसंच. आता मशीन कशानं अडकलंय ते शोधायचं." डॉक्टर एकेक विचारायला लागल्या. कधी डोक्याला मार? लकवा? मोठा ताप? घरात टीबी? मेंदूत टीबीची गाठ होते, पट्टकृमीची अंडी जाऊन बसतात, रक्ताची गुठळी अडकते, कधी ट्यूमर असतो. लहान मुलांत मेंदूचा एकच अर्धा भाग सुजतो आणि असंच होतं. मास्तर प्रत्येकाला "नाही" म्हणत होते.

"तहान कशी आहे?"

"तहान? उन्हाळा आहे ना, मॅडम."

"पाणी किती पिता?"

इथं रंगनाथला राहवलं नाही. "पानी कशाला पितील? माजा रस पित्यात. रोजचं पाच-सा गिलास. गेला म्हैनाभर येक दिस खाडा न्हाई!"

डॉक्टरांचं पेन थांबलं. "वजन कमी झालंय?"

"वजन माहीत नाही," मास्तर म्हणाले, "पण कमरेत साडेतीन इंच."

"सिस्टर," डॉक्टरांनी आवाज दिला, "आधी यांची शुगर बघा."

सिस्टरनी डाव्या हाताच्या बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीला लावला, छोट्या यंत्राकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मॅडम, हाय."

"शुगर हाय व्हय?" रंगनाथनं विचारलं. "किती हाय?"

"हाय."

"अवो ताई, हाय त्ये कळलं. पन किती हाय?"

"काका, मीटरवर नुसतं हाय आलंय!"

"आता हाय तर हाय, पन आकडा काय हाय?"

बाईंनी तोंडाला पदर लावला. डॉक्टर पंकजा हसत हसत म्हणाल्या, "दादा, या यंत्राला सहाशेच्या वर मोजता येत नाही. त्याच्या पलीकडे गेलं की ते इंग्रजीत 'हाय' दाखवतं. म्हणजे फार जास्त."

प्रयोगशाळेतून आकडा आला सहाशे चौतीस. जेवल्यावरसुद्धा जी साखर एकशेचाळीसच्या आसपास असायला हवी, ती सहाशे चौतीस. मास्तरांना मधुमेह होता, आणि तो किती दिवसांपासून होता ते त्यांच्या पँटलाच ठाऊक.

मास्तरांना तिथंच भरती करून घेतलं. दुपारी डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढणारी तपासणी झाली; डाव्या बाजूला अंगठ्याच्या ठेक्यावर टोकदार रेघा उमटत होत्या. कधीकधी ही तपासणी कोरी येते, डॉक्टर म्हणाल्या, मग नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवावा लागतो. नंतर एमआरआय. त्या बोगद्यात मास्तरांना आपल्या जुन्या इंटरलॉक मशीनची आठवण आली, तसाच खडखडाट. ना गाठ, ना गुठळी.

संध्याकाळी डॉक्टर खाटेपाशी आल्या. "साखर इतकी चढली की ती शरीरातलं पाणी ओढून नेते. मेंदूत आवर घालणारं एक रसायन असतं, तेही कमी पडतं. मग एखादा कोपरा असा बेलगाम होतो. गंमत अशी की काही जणांना आपल्याला मधुमेह आहे हे या फिटमुळेच पहिल्यांदा कळतं. संगमनेरच्या डॉक्टरांनी फिट बरोबर ओळखली, पण ती गोळी मी बंद करतेय. एरवी चांगली आहे, फक्त ती साखर वाढवते. दुसरी देते. आणि खरं औषध म्हणजे सलाईन आणि इन्सुलिन. हळूहळू उतरवू, घाई नाही."

"थांबेल?" बाईंनी विचारलं.

"बहुतेक दोन-चार दिवसांत थांबावी."

रंगनाथ तोवर व्हरांड्यात जाऊन बसला होता. बाई बोलवायला गेल्या तर टॉवेलात तोंड घालून मुसमुसत होता. कसाबसा आत आला आणि खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला.

"मास्तर, म्याच घातला की तुमच्या पोटात. गिलासावर गिलास."

"अरे, तू नसता दिलास तर मी पलीकडच्या गाड्यावर प्यायलो असतो," मास्तर म्हणाले. "वर त्यानं पैसे घेतले असते."

"पन म्या सांगायला पायजे हुतं..."

"काय सांगणार होतास? तू काय डॉक्टर? आणि इथं काय सांगितलंस ते आठव. तू रसाचं बोलला नसतास तर मी उन्हाळाच सांगत बसलो असतो."

रंगनाथनं यावर विचार केला. चेहरा जरा उजळला. "मंग येक प्रकारं म्याच वळखला म्हना की रोग," तो म्हणाला. पुढं गावात त्यानं हेच सांगितलं, आणि कुणी खोडून काढलं नाही.

बाई वही घेऊन खाटेशी बसून राहिल्या. पहिल्या संध्याकाळी ६६. दुसऱ्या दिवशी सकाळी ५२, साखर चारशेच्या खाली. दुपारी ३०. त्याच संध्याकाळी तोंडाचा कोपरा शांत झाला आणि मास्तरांनी दहा दिवसांनी एक कप बिनसाखरेचा चहा सगळाच्या सगळा पोटात घातला. तिसऱ्या दिवशी सकाळी ९, मग ४. सव्वानऊच्या सुमाराला बाई मोजायला बसल्या आणि बसूनच राहिल्या. पूर्ण पाच मिनिटं. अंगठा चादरीवर आडवा पडून होता.

बाईंनी वहीत भलंमोठं शून्य काढलं.

"बत्तीस वर्षांत कुणाला शून्य देताना मला आनंद झाला नव्हता," त्या म्हणाल्या, आणि चष्मा काढून पुसायला लागल्या. इतके दिवस सोबत असलेली ती उडी एकदम गेली होती आणि मास्तरांच्या हाताला चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. त्यांनी अंगठा मुद्दाम हलवून पाहिला. हलला. थांबवला. थांबला. असं त्यांनी दहा वेळा केलं.

हातात जोर मात्र नव्हता. इतके दिवस राबलेला हात थकणारच, येईल ताकद, डॉक्टर म्हणाल्या. मास्तरांनी सिस्टरांकडून सुईदोरा मागून घेतला आणि खाटेवर बसून रुमालाला दुमड घालायला सुरुवात केली. शेजारच्या खाटेवर शेवगावकडची आठ वर्षांची राजनंदिनी होती. तिचा डावा हात असाच उडायचा, वर्षभरापासून. तिचं साखरेचं नव्हतं. तिच्या मेंदूची एक बाजू सुजत चालली होती, आणि पुण्याला नेऊन मोठं ऑपरेशन करायचं ठरत होतं. ती मास्तरांच्या हाताकडे टक लावून बघायची.

"तुमचा कसा थांबला?" तिनं एकदा विचारलं.

"माझा आळशी होता, लवकर दमला," मास्तर म्हणाले. "तुझा हुशार आहे, त्याला डॉक्टर जास्त लागणार." आणि त्यांनी तो रुमाल तिला दिला. टाके वाकडे होते. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून इतकं वाईट काम बाहेर गेलं नव्हतं, पण पोरीनं तो उशाखाली ठेवला.

दहा मे रोजी मास्तर घरी आले. लग्नाला आठ दिवस होते. त्यांनी कपाटातून निळं कापड काढलं आणि बाईंना म्हणाले, "दुकानात चल."

"मी काय करू तिथं?"

"मी सांगेन ते."

मास्तरांनी रेघा मारल्या. एकही दाता पडला नाही. कात्री त्यांनी दोन्ही हातांनी चालवली, इंचाइंचाला विसावा घेत. मशीनवरचं त्यांना जमत होतं, पण कॉलरचं हातकाम, अस्तराचे कच्चे टाके यासाठी बोटांत चिमूट धरवत नव्हती. तिथं बाई बसल्या. जन्मात पहिल्यांदा सुई घेऊन.

"इतका लांब टाका? त्यातून बैल जाईल," मास्तर म्हणाले.

"ओरडू नका. मी माझ्या मुलांवर कधी ओरडले नाही."

"तुझी मुलं गणित चुकवायची. ही कॉलर आहे."

रंगनाथ मधूनमधून डोकावून दोघांना पाणी देऊन जायचा. पाणीच. सहा दिवसांत बाईंच्या बोटांना अकरा टोचे पडले आणि सोळा मेला सूट हँगरवर लागला. आदिनाथनं अंगात घातला तेव्हा मास्तरांनी त्याच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि इस्त्री उचलली. चांगलं झाल्याची त्यांची खूण ती. आतल्या खिशाचं बटण बाईंनी लावलेलं होतं, सात गाठी मारून. ते बटण कापडापेक्षा जास्त टिकेल, असं मास्तर म्हणाले. लग्नात त्यांनी जिलेबीला हात लावला नाही. मठ्ठा मात्र दोन वाट्या घेतला.

पहिला महिना इन्सुलिन चाललं, नंतर गोळ्यांवर भागलं. ताकद जूनमध्ये परत आली, शाळेच्या गणवेशांच्या घाईला. आणि मास्तरांना एक नवी खोड लागली. कुणी पँट किंवा ब्लाउज आवळायला आणला की ते आधी विचारायचे, "तहान लागते का फार?" भागूबाई भाजीवाल्या तर भडकल्या.

"मास्तर, तुमाला शिलाई दिली का डाक्टरकी?"

"चार ब्लाउज एकदम घट्ट करायला आणलेत, मावशी. रक्त तपासून या. नाही निघालं तर शिलाई घेणार नाही."

निघालं. भागूबाईंनी शिलाई तर दिलीच, वर दुधी भोपळा दिला. वर्षभरात अशी तिघं सापडली. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टर मास्तरांचं नाव चिठ्ठीवर दिसलं की आता हसतात आणि थेट बोट पुढं करायला सांगतात.

सप्टेंबरात नगरला शेवटची तपासणी होती. डॉक्टर पंकजांनी मास्तरांना दोन्ही हात पुढे करायला लावले, बोटं मिटायला, उघडायला, नाकाला लावायला. तीन महिन्यांची साखर बघितली. आलेख पुन्हा काढला, तोही स्वच्छ.

"फिटची गोळी हळूहळू कमी करू आणि बंद करू," त्या म्हणाल्या. "मधुमेहाची मात्र सोडायची नाही. साखर परत चढली तर अंगठा परत येईल."

बाईंनी राजनंदिनीचं विचारलं. ऑपरेशन झालं होतं. झटके थांबले होते. डावा हात पूर्ण साथ देत नव्हता, कदाचित पुढेही देणार नाही, पण ती चालत होती, शाळेत जात होती आणि उजव्या हातानं फार गिचमिड लिहीत होती.

"गिचमिड असू दे," बाई म्हणाल्या. "लिहितेय ना?"

मास्तर ऐकत होते, पण त्यांची नजर मघापासून डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटावर खिळली होती.

"मॅडम, रागावू नका. हा कोट कुणी शिवला?"

"का? तयार घेतलाय."

"डावी बाही पुढं ओढतेय. हात वर केला की पाठीत ताण येत असेल."

डॉक्टरांनी हात वर करून बघितला. "येतो खरा! मला वाटायचं माझाच खांदा दुखतोय."

"काढा तो."

"आत्ता?"

"बाहेर गिऱ्हाईक बसलंय तुमचं, लवकर काढा. दुसरा असेल ना? चार दिवसांत एसटीच्या पार्सलनं पाठवतो."

बाई म्हणाल्या, "अहो, असं काय करता?" पण तोवर डॉक्टर पंकजांनी कोट काढून, खिशातला टॉर्च आणि पेनं टेबलावर ठेवून, तो मास्तरांच्या हातात दिला होता आणि दार उघडून आत आलेल्या सिस्टर दोघांकडे आळीपाळीनं बघत होत्या. मास्तरांनी खिशातून टेप काढला. "खांदे सरळ ठेवा, मॅडम. आणि हलू नका," ते म्हणाले.